परिचारिकेची बढती कुठे अडते? वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना दुबईहून खुले पत्र

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मी सांगली जिल्ह्यात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दुबईत आलेली परिचारिका. आधी वॉर्डात काम केलं, मग चार्ज नर्स झाले, आता नव्याने रुजू होणाऱ्या नर्सेसना तयार करायचं काम बघते. स्वतःसाठी मागायचं काही उरलेलं नाही, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिता येतंय. लातूर, बीड, चंद्रपूर, कणकवली अशा ठिकाणांहून मुली फोन करतात. कुणाच्या तरी मावशीकडून नंबर मिळालेला असतो. प्रश्न ठरलेला असतो : ताई, जीएनएमवर तिकडे घेतात का? या प्रश्नाचं अर्धं उत्तर दुबईत आहे आणि अर्धं आपल्या खात्यात. दुबईतल्या अर्ध्यावर माझं काही चालत नाही.

इथला वॉर्ड कसा असतो ते आधी सांगते. सकाळी सातला रात्रपाळी दिवसपाळीच्या हवाली होते, तेव्हा कोट्टायमची मुलगी मनिलाच्या मुलीला पेशंटची हकीकत सांगत असते, शेजारी जॉर्डनचा एक मुलगा ड्रिप बदलत असतो आणि केनियाची सीनियर नर्स दोघींच्या इंग्रजीकडे कान लावून उभी असते. खाटेवर पेशावरचा टॅक्सीवाला, पलीकडे खेडचा प्लंबर, कोपऱ्यातल्या खोलीत अमिराती आजी आणि तिचं अख्खं कुटुंब. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात या सगळ्याचा अभिमानाने उल्लेख असतो आणि तो खोटा नाही. या देशात सुमारे दोनशे देशांचे लोक राहतात. परक्या माणसाची वेदना परक्या भाषेत कशी ओळखायची, हे मी इथेच शिकले. रमजानमध्ये मधुमेहाच्या पेशंटच्या गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या, हेही.

पण मंत्रिमहोदय, ड्यूटीच्या तक्त्यात किती देश आहेत यापेक्षा बढतीच्या यादीत किती आहेत ते मी आधी बघते. एकाच कामाला पासपोर्ट बघून वेगळा पगार, ही आखाती देशांतली जुनी तक्रार आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने (तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला) वंश, रंग, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व यांवरून भेदभाव करायला मनाई केली आणि सारख्या कामाला बाईला पुरुषाइतकंच वेतन द्या असंही सांगितलं. कायदा चांगला आहे. तो खाजगी दवाखान्याच्या करारपत्रापर्यंत पोचायला वेळ लागेल, आणि तो पोचवणं इथल्या सरकारचं काम आहे. आपल्याला लिहायचं कारण निराळं आहे. मराठी नर्स इथे येते तेव्हा तिच्या पासपोर्टच्याही आधी तिची कागदपत्रं तिला खालच्या पायरीवर बसवतात. आणि ती कागदपत्रं महाराष्ट्रात तयार झालेली असतात.

इथे नर्सला परवाना देणारी तीन दारं आहेत. दुबईचं आरोग्य प्राधिकरण, अबू धाबीचा आरोग्य विभाग, आणि शारजा, अजमान, उम्म अल कुवेन, रास अल खैमा, फुजैरा यांच्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय. २०१४ मध्ये तिघांनी मिळून पात्रतेची एकच नियमावली आणली. परीक्षा संगणकावर होते, आणि आमच्या मुली ती पास होतात. अभ्यासाला त्या कमी नाहीत. घोडं पेंड खातं ते पडताळणीत. डेटाफ्लो नावाची कंपनी नर्सचा डिप्लोमा, नोंदणी आणि अनुभवाचं प्रत्येक प्रमाणपत्र ज्याने दिलं त्याच्याकडेच पाठवते आणि विचारते : हे तुम्ही दिलंय का? उत्तर आलं तर काम पुढे सरकतं. नाही आलं, तर अहवालात 'पडताळता आलं नाही' असा शेरा पडतो, आणि त्या मुलीची चार वर्षांची नोकरी झालीच नाही असं धरलं जातं.

आता तालुक्याच्या गावातलं वीस खाटांचं हॉस्पिटल डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरसाहेब मालक, त्यांच्या पत्नी हिशेब बघतात. नर्सला नेमणूकपत्र दिलेलं नाही, पगार रोख. अनुभवाचं प्रमाणपत्र लेटरहेडवर, त्यावर डॉक्टरांची सही. हॉस्पिटलच्या ईमेलचा पासवर्ड जुन्या कंपाउंडरला ठाऊक होता, तो नोकरी सोडून गेला. डेटाफ्लोचं पत्र तिथे जाऊन पडतं. डॉक्टर काही वाईट माणूस नसतो, त्याला ते पत्र खरं वाटत नाही इतकंच. कधी हॉस्पिटल बंद पडलेलं असतं, डॉक्टर वारलेले असतात. तिथे रात्रंदिवस राबलेल्या मुलीकडे मग पुरावा म्हणून एक कागद उरतो आणि त्याला इथे किंमत नसते. कोट्टायमच्या मुलीचीही अशीच कागदपत्रं असतात, पण केरळातल्या हॉस्पिटलांना ही पत्रं इतकी वर्षं येत आहेत की उत्तर देणं तिथे रोजचं काम झालंय.

यावर उपाय शोधायलाही लांब जायला नको. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषदेच्या कायद्याच्या जागी. नर्सेसची राष्ट्रीय आणि राज्याची नोंदवही ऑनलाइन आणि सतत अद्ययावत असावी, असं त्यात लिहिलेलं आहे. नोंदणी क्रमांक आणि पात्रता त्यात येईलच. माझी विनंती आहे की महाराष्ट्राने आपल्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा : कुठे, कोणत्या विभागात, कधीपासून कधीपर्यंत काम केलं. दवाखान्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग होम्स कायद्यानुसार होतेच. त्या नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी नर्सेसची यादी मागून घेतली तरी पुष्कळ काम होईल. दुबईला जाणाऱ्या मुलीइतकाच या यादीचा उपयोग सोलापुरातच राहणाऱ्या मुलीला होईल, कारण आपल्याकडे किती जण नर्सचा गणवेश घालून नर्स नसताना काम करतात, हेही मग दिसेल.

दुसरी गोष्ट पदवीची. इथल्या नियमावलीने रजिस्टर्ड नर्सची पायरी पदवीशी बांधली तेव्हा आधीपासून इथे काम करणाऱ्या डिप्लोमावाल्या भारतीय नर्सेसच्या पायाखालची जमीन सरकली. २०१८-१९ च्या सुमारास कित्येकींच्या नोकऱ्या धोक्यात आल्या, काहींना खालच्या पदावर बसवण्यात आलं. केरळ सरकारने तेव्हा दिल्लीपर्यंत धाव घेतली. नियम तेव्हापासून कधी सैल झाले, कधी आवळले गेले, पण दिशा बदललेली नाही. चार्ज नर्स, नर्स एज्युकेटर, संसर्ग नियंत्रण, दर्जा तपासणी, नर्सिंग संचालक, या वाटेवर प्रत्येक वळणावर पदवी विचारतात. डिप्लोमावाली असिस्टंट नर्स म्हणून आली तर तिच्या वीस वर्षांच्या अनुभवाला चोवीस वर्षांची पदवीधर मुलगी कामं नेमून देते. त्या मुलीचा यात काही दोष नाही. तिने नियमाप्रमाणे शिक्षण घेतलंय.

मग इथे काय करतात नर्सेस? रास अल खैमाच्या वैद्यकीय व आरोग्य विज्ञान विद्यापीठात डिप्लोमावाल्या नर्ससाठी पदवीचा पूरक अभ्यासक्रम आहे, शारजा विद्यापीठातही आहे. रात्रपाळी संपवून बसमध्ये झोपत वर्गात जाणाऱ्या बायका मी बघितल्यात. स्वतःच्या पगारातून फी भरतात. घरी पैसे पाठवायचे ते पाठवतातच. आपल्याकडे पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांची आहे, पण ती पूर्णवेळ. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्याकाठी मोजके पैसे मिळवणारी मुलगी दोन वर्षं बिनपगारी राहून शिकेल कशी? दूरशिक्षणाच्या पदवीला इथे समकक्षता मिळवताना नाकीनऊ येतात, म्हणून तो सल्ला मी देत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने नोकरी सांभाळून करता येईल असा, रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे तास धरलेला आणि राष्ट्रीय नियमांत बसणारा अभ्यासक्रम उभा केला तर जीएनएमवाल्या मुलींपुढचा सगळ्यात मोठा अडसर दूर होईल. नवीन कॉलेजांच्या परवानग्यांपेक्षा याला आधी हात घालावा, असं माझं मत आहे. ज्या कॉलेजाच्या जोडीला भरलेल्या खाटा नाहीत, तिथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरेला कॅथेटर कसा घालायचा हे इथे येऊन शिकवावं लागतं. ते मला शिकवावं लागतं, म्हणून सांगते.

आता जरा मागे जाऊ. मुंबईच्या कामा रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला आल्या. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात प्रशिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव येतं. आम्ही ते पाठ करून दोन मार्क मिळवले, पुढे त्या बाईंचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मिरजेला डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात मुली शिकू लागल्या. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवायचं धाडस केलं, तेव्हा परक्या पुरुषाला शिवायचं, रात्री घराबाहेर राहायचं, मलमूत्र काढायचं म्हणून शहाण्यासुरत्या घरांनी नाकं मुरडली. ज्यांना दुसरी दारं बंद होती त्यांनीच पुढे हा पेशा धरला : ख्रिस्ती मुली, दलित घरातल्या मुली, टाकलेल्या, विधवा. त्यामुळेच असेल, पण रुग्णालयात सर्वांत जास्त वेळ रुग्णाजवळ असणाऱ्या माणसाला निर्णयाच्या खोलीत अजून खुर्ची नाही. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. चारच पायऱ्या, आणि त्यातल्या पहिलीवरून दुसरीवर चढेस्तोवर केस पांढरे होतात.

इथे हाच इतिहास उशिरा आणि वेगाने घडताना दिसतो. अमिरात हा देश जन्मायच्या आधी नर्सेस इथे होत्या. दुबईत मकतूम रुग्णालय १९५१ पासून. अल ऐनमध्ये १९६० मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी ओॲसिस रुग्णालय काढलं, तिथे १९६२ मध्ये आलेल्या गर्ट्रूड डिक या कॅनडाच्या नर्सला लोक डॉक्टर लतीफा म्हणत. अडतीस वर्षं राहिल्या. (आपल्या नागपूरच्या डॉ. झुलेखा दाऊद १९६४ मध्ये शारजात आल्या, पुढे त्यांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. पण त्या डॉक्टर. नर्सच्या नावाचं रुग्णालय मी अजून इथे पाहिलेलं नाही.) अमिराती मुली या पेशात येणं मात्र अवघड गेलं. रास अल खैमाच्या सलमा अल शरहान या पहिल्या अमिराती नर्स म्हणून ओळखल्या जातात. अबू धाबीत नर्सिंगची पहिली शाळा १९७२ मध्ये निघाली, नर्सेसची संघटना २००१ मध्ये, परिषद २००९ मध्ये. तरीही आज इथल्या नर्सेसमध्ये स्थानिक मुली अगदी थोड्या आहेत. कारणं ऐकली की पुण्याच्या सेवासदनाची आठवण होते : रात्रपाळी, परके पुरुष, लग्नाच्या बाजारात काय म्हणतील. फरक इतकाच की इथल्या सरकारने पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही लावलं. शिष्यवृत्त्या दिल्या, मुलींना उच्च शिक्षणाला पाठवलं, नर्सिंगसाठी २०२६ पर्यंतचं राष्ट्रीय धोरण आखलं. हाताखाली शिकायला आलेल्या अमिराती मुलीला मी एकदा विचारलं, तुला काय व्हायचंय? ती म्हणाली, नर्सिंग डायरेक्टर. तिला ते ठाऊक होतं कारण तशी खुर्ची तिने बघितली होती.

मुलग्यांबद्दल थोडं. एम्सने २०१९ मध्ये नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत ऐंशी टक्के जागा बायकांसाठी आणि वीस टक्के पुरुषांसाठी ठरवल्या. बाई म्हणून मला यात काही वावगं वाटावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही, पण वाटतं. इथे आपत्कालीन विभागात, अतिदक्षता विभागात, वाळवंटातल्या बांधकामांवरच्या दवाखान्यांत, तेलाच्या फलाटांवर पुरुष नर्सेस मोठ्या संख्येने काम करतात. कामगार वस्तीतल्या रुग्णाला त्यांच्यापुढे बोलायला सोपं जातं. प्रसूती विभागात ते नसतात, बस्स. शेतकऱ्याच्या ज्या मुलाने कर्ज काढून नर्सिंग केलं त्याला गावी 'बायकी काम' म्हणून हिणवायचं आणि सरकारी भरतीत दारातच अडवायचं, याला मी समावेश म्हणणार नाही.

आणि केरळ. महाराष्ट्रात केरळचं नाव काढलं की लोक म्हणतात, त्यांची गोष्ट वेगळी. वेगळी नाही, त्यांनी काम केलं. १९७७ मध्ये परदेशी नोकऱ्यांसाठी सरकारी कंपनी काढली, १९९६ मध्ये अनिवासी मलयाळींसाठी स्वतंत्र खातं. २०१५ मध्ये केंद्राने आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या नर्सेसची भरती सरकारी संस्थांमार्फतच होईल असं ठरवलं, तेव्हा सुरुवातीला मान्यता मिळालेल्या दोन्ही संस्था केरळच्या होत्या. आपल्या रत्नागिरी-रायगडातल्या गावांतून पुरुष माणसं दोन-तीन पिढ्या आखातात जात आहेत, मुंबई विमानतळ आपल्या अंगणात आहे, पण मराठी नर्सला इथे आणायची सोय बहुतेक एजंटच्या हातात राहिली. एजंटने किती घ्यावं याला भारतीय नियमांत मर्यादा आहे, तीस हजार रुपये आणि वर कर. भरतीचा खर्च मालकाने सोसावा असं इथला कायदा म्हणतो. या दोन्ही गोष्टी मी फोनवर सांगते तेव्हा पलीकडे थोडा वेळ काही ऐकू येत नाही. मग कळतं, पैसे आधीच दिलेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. म्हणजे सरकारला हे जमतं. जर्मन भाषा शिकवायची तयारी आहे, तर ज्या देशात भाषेची अट जवळपास इंग्रजीवर भागते तिथे मुलींना एजंटच्या भरवशावर का सोडायचं?

आपल्या दालनातून लगेच येईल तो आक्षेप मला माहीत आहे. महाराष्ट्रात जागा रिकाम्या आहेत आणि तुम्ही बाहेर जायची वाट रुंद करायला सांगता. आक्षेप खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि ५८ लाखांची कमतरता आहे; सातातली एक नर्स जन्मभूमीबाहेर काम करते. श्रीमंत देशांनी गरीब देशांच्या नर्सेस उचलू नयेत यासाठी २०१० मध्ये आचारसंहिता झाली, ती मला पटते. पण आपल्या जागा रिकाम्या राहण्याचं खापर दुबईवर फोडू नका. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध बसल्या होत्या. त्या दुबईला निघाल्या नव्हत्या, त्यांना मुंबई-नागपुरातच कायम नोकरी हवी होती. जिथे नेमणूक अकरा महिन्यांची, तिथून माणसं जाणारच. आणि दार अर्धवट लावून ठेवल्याने कुणी थांबत नाही, फक्त खालच्या पदावर, कर्ज काढून जातं.

शेवटचा मुद्दा परत येणाऱ्यांचा, आणि यावर कुणीच बोलत नाही. दुबईने मे २०२५ मध्ये दुबई हेल्थ या आपल्या सरकारी संस्थेत पंधरा वर्षांहून जास्त सेवा झालेल्या नर्सेसना दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा जाहीर केला. खाजगी रुग्णालयातल्या बहुसंख्य नर्सेस त्यात बसत नाहीत. त्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी संपली की परत. आईवडील थकतात, मुलांची बारावी येते, आणि चाळिशीच्या आसपास बाई गावी परतते. तिच्याकडे रक्तातला जंतुसंसर्ग रोखण्याच्या पद्धती, औषधांच्या चुका नोंदवायची शिस्त, आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या तपासण्या, पाच भाषांतल्या रुग्णांशी बोलण्याची सवय असं सगळं असतं. राज्याच्या सेवेत तिला दार नाही. सरळसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मग ती पुन्हा तालुक्याच्या त्याच वीस खाटांत बसते, किंवा घरी.

नर्सिंग कॉलेजांत शिकवायला माणसं मिळत नाहीत असं आपणच म्हणता. परतलेल्या परिचारिकांसाठी अधिपरिचारिका आणि पाठ्यनिर्देशिका या पदांवर वयाची अट शिथिल करावी, परदेशातली पडताळलेली सेवा अनुभव म्हणून धरावी, आणि शिकवण्यासाठी जी पदव्युत्तर पात्रता लागते ती नोकरीत राहून पुरी करायला मुदत द्यावी. वयाची अट बदलणं अशक्य नाही : खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३३ वरून ३८ वर नेली गेली ती एप्रिल २०१६ मध्ये, एका शासन निर्णयाने.

कळावे,

आपली विश्वासू,
दुबईतील एक मराठी परिचारिका